रक्तपेढीत कुळीथ कुठून आला?

पावसाळ्यात डिचोलीच्या आमच्या घरी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा ताटात आला की कुणी चौथा पदार्थ मागत नाही. हाच कुळीथ रक्तगटाच्या तपासणीतही लागतो, हे सांगितलं तर आईला अजून थट्टाच वाटते.

त्याच्याआधी मान होता एरंडाचा. १८८८ साली डॉरपाट (आजच्या एस्टोनियातलं तार्तू) विद्यापीठात हर्मान स्टिलमार्क यांनी दाखवलं, की एरंडाच्या बियांतल्या एका प्रथिनामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजके धरतात. तेव्हा रक्तगटांचा पत्ताच नव्हता. ए, बी आणि ओ ही विभागणी कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ साली मांडली आणि पुढच्याच वर्षी एबी सापडला. १९११ च्या सुमारास फोन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांच्या लक्षात आलं, की सगळे 'ए' सारखे नसतात. त्यांनाच आपण आज ए१ आणि ए२ म्हणतो.

हे दोन वेगळे ओळखायचे कसे? बी गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात ए२ पेशी घालायच्या, त्यांना चिकटणारी प्रतिपिंडं (परक्या पेशींना धरणारी रक्तातली प्रथिनं) त्यांच्यासोबत काढून टाकायची, आणि उरलेल्या द्रवाने ए१ तपासायचा. भलतंच किचकट काम.

१९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी कुळथाचा अर्क पुढे आणला आणि ही कटकट गेली. कुळीथ दळायचा, मिठाच्या पाण्यात भिजवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वरचा नितळ द्रव घ्यायचा. काचपट्टीवर त्याचा थेंब आणि ए१ पेशी एकत्र आल्या की लाल रंग रव्यासारखा फुटतो. ए२ असेल तर तो तसाच सपाट राहतो. अर्क मात्र बेताने पातळ केलेला हवा, कारण दाट अर्क ए२ लाही चिकटवतो. पिठीचं दाट-पातळ आई अंदाजाने जमवते, इथे अंदाज चालत नाही.

अशा निवडक प्रथिनांना १९५४ साली 'लेक्टिन' हे नाव मिळालं. मुळातला लॅटिन शब्द 'निवडणे' या अर्थाचा. कुळथाचं लेक्टिन निवडतं ती एक साखर: एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमाइन. बियांच्या अर्कात निरनिराळ्या साध्या साखरा घालून कुठल्या साखरेने पुंजके थांबतात, हे मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी लंडनमध्ये पाहिलं. रक्तगट म्हणजे पेशीच्या पृष्ठावरच्या साखरेच्या साखळीचं टोक, हे समजायला अशा प्रयोगांची मोठी मदत झाली.

ए गटाचं विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन) ती साखर साखळीच्या टोकाला जोडतं. ए१ पेशीवर अशी सुमारे १० लाख टोकं असतात, ए२ वर जेमतेम अडीच लाख. कारण ए२ वाल्यांच्या ९ व्या गुणसूत्रावरच्या, हे विकर घडवणाऱ्या जनुकात, अगदी शेवटाजवळ, एक अक्षर गळलेलं असतं. त्यामुळे वाचन थांबायच्या जागी थांबत नाही, विकराला २१ अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या मण्यांचं) शेपूट जादा लागतं आणि त्याचा हात मंदावतो.

आईची शंका वेगळीच होती: "मग पिठी खाल्ली की रक्ताचे पुंजके होतात?" नाही, चुलीवर रटरट उकळताना हे लेक्टिन निकामी होतं.