रेकॉर्डवरून बेसलाइन उतरवणं: यामागे काय काय घडलंय

आज कुठल्याही प्रसिद्ध गाण्याची बेसलाइन, म्हणजे बेस वाद्यावर वाजणारी खालच्या सुरांची ओळ, शोधली की टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं), नोटेशन, वाजवून दाखवणारा व्हिडिओ, सगळं दोन मिनिटांत मिळतं, त्यामुळे हे आधीपासून असंच असेल असं वाटतं. पण बेस हे रेकॉर्डवर नीट ऐकू यायलाच खूप उशीर लागलेलं वाद्य आहे, आणि जे ऐकूच येत नाही ते लिहिणार कसं? म्हणून बेस उतरवण्याचा, म्हणजे ऐकून सूर लिहून काढण्याचा, इतिहास सांगायचा तर तो रेकॉर्डिंगच्या इतिहासापासूनच सुरू करावा लागतो.

१९२५ च्या आधी रेकॉर्डिंग म्हणजे एक मोठा भोंगा आणि त्याच्यासमोर दाटीवाटीने उभे असलेले वादक, आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. डबल बेसचा, म्हणजे उभं धरून वाजवायच्या मोठ्या लाकडी बेसचा, आवाज त्यात जेमतेम उमटायचा, म्हणून त्या काळच्या बऱ्याच जॅझ रेकॉर्डवर खालचे सूर ट्यूबा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवतं. मायक्रोफोन आले तसं हे बदललं. तारा बोटाने ओढून पट्टीवर आपटायची न्यू ऑर्लीन्सची स्लॅप पद्धत मायक्रोफोनवर छान यायची, मग कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या बँडमधला बेसवाला वॉल्टर पेज, प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालणारा (यालाच वॉकिंग लाइन म्हणतात), आणि मग १९३९ मध्ये पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या बँडकडे आलेला जिमी ब्लँटन. ब्लँटन १९४२ मध्ये टीबीने गेला, फक्त २३ वर्षांचा होता. पण १९४० मध्ये एलिंग्टनने त्याच्यासोबत नुसतं पियानो आणि बेस असं रेकॉर्डिंग केलं, आणि ते ऐकून त्यावेळच्या बेसवाल्यांना कळलं की बेसचा सोलोसुद्धा सुरासुरासकट उतरवून घ्यावा इतका भारी असू शकतो.

उतरवायची पद्धत म्हणजे सुई उचलायची, मागे ठेवायची, परत ऐकायचं, रेकॉर्ड झिजेपर्यंत. १९४८ ला एलपी म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड आली, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडने फिरणारी, आणि पन्नाशीच्या दशकात कित्येक टर्नटेबलवर १६⅔ चा स्पीडही आला, म्हणजे बरोब्बर निम्मा. निम्म्या स्पीडला गाणं एक सप्तक खाली जातं पण स्केल तेच राहतं, त्यामुळे सॅक्सोफोन किंवा गिटारचे सोलो उतरवणाऱ्यांची चंगळ झाली. बेसवाल्यांना मात्र याचा उपयोग नाही! बेसची सगळ्यात जाड तार ई, ती साधारण ४१ हर्ट्झची, निम्म्यावर आणली की २० च्या आसपास, म्हणजे माणसाच्या कानाची जवळजवळ हद्दच, नुसती घरघर. म्हणून त्यांनी उलटं केलं. टेपवर सेकंदाला ३¾ इंचाच्या स्पीडला रेकॉर्ड करायचं आणि ७½ ला वाजवायचं, बेस एक सप्तक वर येतो आणि गिटारसारखा स्पष्ट ऐकू येतो. गाणं डबल वेगाने पळतं हे खरं, पण कोणता सूर आहे ते कळतं. मला स्वतःला ही सगळ्या युक्त्यांमधली सर्वात हुशार युक्ती वाटते आणि ती आजही चालते.

आता टेपवर आणि टर्नटेबलवर विश्वास ठेवायचा तर त्यातही गंमत आहे. माइल्स डेव्हिसचा १९५९ चा काइंड ऑफ ब्लू हा जॅझ अल्बम घ्या, जॅझ बेस शिकणारा जवळपास प्रत्येकजण त्यातल्या सो व्हॉट या गाण्यावरचं बेसवाल्या पॉल चेंबर्सचं वाजवणं कधी ना कधी उतरवतोच. पहिल्या सेशनला टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे एलपीची पूर्ण पहिली बाजू खऱ्यापेक्षा जरा चढ्या सुरात छापली गेली आणि हे दुरुस्त व्हायला १९९२ उजाडलं. तोपर्यंत तीसेक वर्षं लोक त्या रेकॉर्डसोबत वाजवायचं तर तारा थोड्या वर चढवून घेत होते.

आणखी एक अडचण कानाचीच आहे. छोट्या स्पीकरमधून बेसचा मूळ सूर बाहेर पडतच नाही, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप निघणारे वरचे सूर, तेवढे येतात आणि मेंदू त्यावरून खालचा सूर मनाने भरून काढतो. म्हणून जुन्या ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे ऐकून लिहिलेल्या नोटेशनमध्ये, सूर बरोबर पण सप्तक चुकलेलं अशा जागा सापडतात. शिवाय पायाने वाजवायचा किक ड्रम त्याच खालच्या सुरांच्या पट्ट्यात दणकत असतो, आणि विनाइल रेकॉर्डवर बेस जास्त झाला तर सुई उडते म्हणून रेकॉर्डची खाच कापणारे तो दाबूनच ठेवायचे.

रॉककडे आलं की चित्र जरा सोपं होतं. १९५१ ला लिओ फेंडरने प्रिसिजन बेस हा इलेक्ट्रिक बेस काढला, त्याला फ्रेट होते, म्हणजे मानेवर धातूच्या पट्ट्या, त्यामुळे सूर पक्का. १९६६ ला बीटल्सच्या पेपरबॅक रायटर या गाण्यासाठी रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमेरिकने पॉल मॅकार्टनीच्या बेससमोर चक्क एक लाउडस्पीकर मायक्रोफोन म्हणून लावला आणि बेस एकदम पुढे आला. त्या काळच्या स्टीरिओत वाद्यं पार डावीकडे नाहीतर उजवीकडे फेकलेली असायची, त्यामुळे बॅलन्सचा नॉब एका बाजूला फिरवला की अर्धी गर्दी गायब.

पण या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती जेम्स जेमरसनची गोष्ट. डेट्रॉइटचा, आधी जॅझ क्लबमध्ये डबल बेस वाजवणारा, मग मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य हिट गाण्यांवर प्रिसिजन बेस. उजव्या हाताचं एकच बोट, पहिलं. मधले क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकणारे) सूर, मोकळ्या तारा, तालाच्या आडून येणाऱ्या जागा. आणि रेकॉर्डवर नाव नाही, मोटाउन वादकांची नावंच छापत नव्हतं, ते १९७१ च्या मार्विन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑन अल्बमपर्यंत. जगभरचे बेसवाले त्याच्या ओळी वाजवून मोठे झाले आणि तो कोण हेच माहीत नाही. १९८३ ला तो गेला. १९८९ मध्ये अ‍ॅलन स्लट्स्की या गिटारिस्टने स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन हे पुस्तक काढलं, त्यात जेमरसनचं चरित्र आणि त्याच्या ओळींचं नोटेशन, सोबत कॅसेट, ज्यात नावाजलेल्या बेसवाल्यांनी त्या ओळी वाजवल्यात. कागदावर बघितलं तेव्हा कळलं की आपण ज्याला साथ समजत होतो ती प्रत्येक कडव्यात बदलत जाणारी रचना आहे. उतरवून घेण्याने एका माणसाला त्याचं श्रेय मिळालं.

असं सतत बदलत जाणंही जॅझकडूनच आलेलं, कारण रॉकमध्ये बरेचदा एक रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) उतरवला की काम झालं, पण जॅझच्या वॉकिंग लाइनला प्रत्येक कोरसमध्ये, म्हणजे चालीच्या प्रत्येक पूर्ण फेरीत, वेगळं काहीतरी असतं. जॅझ बेसवाल्या रॉन कार्टरचा एक कोरस लिहून थांबलात तर हाती काहीच लागत नाही, चार-पाच सलग लिहिले तर दिसतं की तो कुठल्या कॉर्डला वाट कशी बदलतो, कुठे मुद्दाम एकाच सुरावर थांबतो.

नव्वदीत इंटरनेटवर टॅबचा पूर आला. टॅबने तार आणि फ्रेट कळतो, लय बहुतेक वेळा कळत नाही, आणि बेसचा जीव तर लयीतच. सूर न बदलता स्पीड कमी करायचं गणित बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेत १९६६ पासून होतं, घरच्या कॉम्प्युटरवर ते नव्वदीच्या शेवटाला पोचलं. आणि २०१९ ला डीझर या म्युझिक कंपनीचं स्प्लीटर आणि फेसबुकचं डेमक्स ही सॉफ्टवेअर आली, गाणं टाकलं की गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं असे चार भाग वेगळे. जेमरसनचे दाबलेले, अर्धवट सूर, जे नोटेशनमध्ये नुसत्या फुलीने दाखवतात, ते आता बऱ्यापैकी ऐकू येतात. तो सूर त्याने मोकळ्या तारेवर घेतला की पाचव्या फ्रेटवर, हे मात्र अजून बेस मांडीवर घेऊन, दोन्ही करून बघून, रेकॉर्डशी ताडूनच ठरवावं लागतं.