वीस टक्के म्हणजे नक्की किती?

गच्चीवर सोलर बसवलेल्या सोसायटीत एक सल्ला हमखास मिळतो: महिन्यातून एकदा बॅटरी पार उतरू द्यायची, म्हणजे ती ताजी राहते. हे निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं शहाणपण आहे. लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. मग कितीपर्यंत उतरू द्यायची? इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये तो आकडा भरावा लागतो. बसवणारा मुलगा २० टाकून निघून जातो आणि घरातलं कुणी पुन्हा त्याला हात लावत नाही.

जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचं गणित सोपं होतं. निम्म्याखाली नेली आणि तशीच ठेवली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात, क्षमता जाते. आणि ती किती भरली आहे हे व्होल्टमीटर सांगायचा: आराम दिलेली १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना साधारण १२.७, निम्मी असताना १२.२. व्होल्टेज उतरलं म्हणजे बॅटरी उतरली.

आता घरोघरी येते ती लिथियम आयर्न फॉस्फेट. ३.२ व्होल्टचे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्टची बॅटरी तयार. या रसायनाची एक गंमत आहे. सेल ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला तरी त्याचं व्होल्टेज जेमतेम ०.१ व्होल्टने हलतं. कारण धन बाजूच्या कणांमध्ये लिथियम सगळीकडे सारखं पातळ होत जात नाही. तिथे दोन वेगळे पदार्थ शेजारी शेजारी असतात: लिथियम असलेलं आयर्न फॉस्फेट आणि लिथियम निघून गेलेलं. चार्ज-डिस्चार्ज होताना त्यांच्यातली सीमारेषा फक्त सरकते. पेल्यात बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान शून्य अंशावरच राहतं, बर्फ किती उरलाय हे थर्मामीटर सांगू शकत नाही, तसंच हे. दोन अवस्था सोबत नांदतात तोवर लिथियमचं रासायनिक विभव, म्हणजे जागा सोडून जाण्याची त्याची ओढ, स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. व्होल्टेज झपकन पडतं ते एक अवस्था संपत आल्यावरच.

मग ॲपमधले टक्के येतात कुठून? बॅटरीतलं सर्किट, म्हणजे बीएमएस, आत-बाहेर जाणारा करंट मोजून बेरीज-वजाबाकी करत बसतं. मोजमापात बारीकशी चूक असतेच आणि ती रोज साठत जाते. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज एकदम चढतं, बीएमएसला शंभरची खूण सापडते आणि हिशेब पुन्हा जुळतो.

मुंबईची अडचण इथेच आहे. जुलैत आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, बॅटरी काठोकाठ भरत नाही, आणि ॲपमधला आकडा खऱ्यापासून दूर जात राहतो. म्हणजे ज्या दिवसांत वीज जाण्याची धास्ती जास्त, नेमक्या त्याच दिवसांत टक्क्यांवर भरवसा कमी.

खरोखर तळ गाठला तर काय होतं? सेल फारच रिकामा झाला की ऋण बाजूची तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. पुढच्या चार्जिंगला तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. पण बीएमएस त्याआधीच, सेल साधारण २.५ व्होल्टला आला की, बॅटरीचा पुरवठा बंद करतो. त्यामुळे ॲपमधला किमान आकडा मुख्यतः बॅटरीला वाचवण्यासाठी नसून वीज गेल्यावरच्या तुमच्या अंधारासाठी आहे: लाईन चालू असताना बॅटरी त्याखाली उतरत नाही, तेवढा साठा राखून ठेवते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी बॅटरीविना जोडलेलं साधं ग्रिड-टाय सोलर, म्हणजे थेट वीज कंपनीच्या लाईनवर (ग्रिडवर) चालणारं, भर उन्हातही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं.

तेव्हा हिशेब घरापासून मांडा. दोन-तीन पंखे, दिवे, वायफाय आणि अधूनमधून चालणारा फ्रिज मिळून सरासरी २०० वॅट धरले, तर पाच तासांना एक युनिट. बॅटरी ५ युनिटची असेल तर हे झाले २० टक्के. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो आणि आकडाही चुकतो, त्याचे आणखी दहा. पावसाळ्यात किमान ३० ते ४० ठेवावं आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा ग्रिडवरून शंभरपर्यंत भरून घ्यावं, म्हणजे बीएमएसचा हिशेब ताळ्यावर येतो. जानेवारी ते मे रोज लख्ख ऊन असतं, तेव्हा १५-२० पुरे. तेव्हाही ४० वर अडवून ठेवलं तर पैसे मोजून घेतलेली दोन युनिटं रोज नुसती पडून राहतात.

गणपतीला कोकणात निघताना मात्र वेगळं करायचं. बॅटरी २० वर सोडून मेन स्विच पाडून जाऊ नका; पॅनेलही तोडलेली असतील तर इन्व्हर्टर आणि बीएमएस उरलंसुरलं शोषत राहतात. निम्म्यापर्यंत भरा आणि बॅटरीचा स्वतःचा ब्रेकर बंद करून जा.