फी जास्त म्हणजे नोकरी पक्की? नाही!

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात हमखास ऐकू येतं, "फी जास्त हाय म्हणजे कॉलेज भारीच असणार." हा गैरसमज आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तीही मुख्यतः कॉलेजच्या खर्चावरून. किती मुलांना नोकरी लागली, यावरून नाही.

फलकावरचं 'सर्वाधिक पॅकेज' एकाच मुलाचं असू शकतं. पालकांनो, मध्यक पगार विचारा: निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या माहितीत तो सापडतो, किती जणांना नोकरी लागली तेही.

आणि लेकीसाठी छापील फी बघून घाबरू नका. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) प्रवेश घेतलेल्या आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि इतर मागास (ओबीसी) प्रवर्गातल्या मुलींना 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे.