जुनी हार्डडिस्क नव्या संगणकावर बूट करणे

जुन्या संगणकातील हार्डडिस्क काढून ती नव्या संगणकाला जोडणे आणि तिच्यावर पूर्वीपासून असलेली कार्यप्रणाली पुन्हा न बसवता आहे त्याच स्थितीत सुरू करणे, म्हणजेच बूट करणे, असा या क्रियेचा अर्थ आहे. डिस्कवरच्या फायली नुसत्या उतरवून घेण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आणि बरीच अवघड आहे. फायली उतरवायच्या असतील तर कोणताही चालू संगणक आणि एक यूएसबी जोडणी पुरते. येथे मात्र त्या डिस्कनेच संगणकाचा ताबा घ्यायचा असतो, आणि ज्या मदरबोर्डाशी, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-बोर्डाशी, तिचा कधी संबंध आलेला नाही त्याच्याशी तिला पहिल्या काही सेकंदांतच जुळवून घ्यावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी करायचा, याचे उत्तर गोव्यात पुष्कळदा मराठी अक्षरांपाशी येऊन थांबते. सर्व लिप्यांतील अक्षरांना ठराविक क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले असले, तरी छापखान्यांतील अक्षरजुळणी त्यानंतरही कितीतरी वर्षे ज्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या फॉन्टवर चालू राहिली. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे जत्रेची पत्रिका, देवस्थानच्या महाजनांची यादी किंवा हौशी मंडळाने बसवलेल्या नाटकाची संहिता नव्या संगणकावर उघडली, की फाइलचे नाव बरोबर असते, तारीख बरोबर असते, ओळीही जागच्या जागी असतात. फक्त ‘श्री’च्या जागी एक इंग्रजी अक्षर आणि त्याला चिकटलेले विचित्र चिन्ह दिसते. छापखान्यांत घरोघरी वापरल्या गेलेल्या पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मधली आहे. तिच्या फायली तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत असत, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडले. म्हणजे मजकूर डिस्कवर सुखरूप असतो, पण तो वाचता येईल अशी परिस्थिती, म्हणजे तो फॉन्ट, ती अक्षरजुळणी प्रणाली आणि तिचा कळफलक, केवळ त्या जुन्या डिस्कवरच्या विंडोजमध्ये उरलेली असते. डिस्क बूट करण्याचा खरा हेतू ती परिस्थिती परत मिळवणे हा असतो, आणि कोणता मार्ग घ्यायचा हे त्यावरूनच ठरवावे.

पहिली अडचण जोडणीची असते. २००३ मध्ये डिस्क मदरबोर्डाला अरुंद केबलने जोडणारी साटा ही जोडणी आली, त्याआधीच्या डिस्कला चाळीस पिनांची रुंद चपटी केबल लागते (ही आयडीई जोडणी) आणि एका केबलवरच्या दोन डिस्कांपैकी ती पहिली (मास्टर) की दुसरी (स्लेव्ह) हे मागच्या बाजूच्या जंपरने, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीने, ठरते. इंटेलने २००६ मधील चिपसेटपासून (मदरबोर्डावरील नियंत्रक चिपांचा संच) या आयडीई जोडणीचा आधार काढून टाकला. पुढे काही वर्षे मदरबोर्डांवर वेगळी चिप बसवून तो पोर्ट दिला जात असे, आता तोही दिसत नाही. अशी डिस्क यूएसबी परिवर्तकाने जोडता येते, पण त्या वाटेने विंडोज एक्सपी सहसा सुरू होत नाही. सुरू होताना ती यूएसबीची मांडणी नव्याने करते आणि जिच्यावरून ती स्वतः वाचली जात असते तीच डिस्क मध्येच सुटते.

दुसरी अडचण संगणक डिस्ककडे कसा पाहतो याची आहे. बायोस म्हणजे संगणक चालू होताच मदरबोर्डावरून सर्वांत आधी चालणारी प्रणाली; तिच्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये मास्टर बूट रेकॉर्ड असते. त्यातील ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असतात. ही रचना १९८३ पासूनची आहे. बायोसच्या जागी आलेली यूईएफआय ही नवी पद्धत त्या आज्ञांकडे पाहतच नाही. ती डिस्कवरील फॅट या साध्या फाइल-मांडणीच्या एका छोट्या विभागात ठेवलेली बूट-फाइल शोधते. जुन्या पद्धतीची डिस्क चालावी म्हणून मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये सीएसएम हा जुन्या बायोसची नक्कल करणारा पर्याय असे. इंटेलने तो २०२० पर्यंत संपवण्याचे जाहीर केले होते आणि आज अनेक नव्या संगणकांत तो मिळत नाही. जेथे तो आहे तेथे तो चालू करावा लागतो व सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त बूट-फाइलच चालू देणारी सुरक्षा, बंद ठेवावे लागते. डिस्कवर विंडोज १० ची ६४ बिट आवृत्ती असेल तर २०१७ पासून तिच्यासोबत मिळणाऱ्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्कची मांडणी, मजकूर न पुसता, नव्या पद्धतीची करून घेता येते. त्यापूर्वीच्या विंडोजसाठी मात्र ते साधन बनवलेले नाही.

डिस्क सापडली आणि विंडोजचे चिन्हही उमटले, तरी खरी परीक्षा त्यानंतर असते. सुरुवातीच्या काही क्षणांत विंडोज आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रणालीच्या, आधाराने डिस्क स्वतः वाचू लागते. तो ड्रायव्हर जुन्या मदरबोर्डाच्या डिस्क-नियंत्रकासाठी नेमलेला असेल, तर डिस्क समोर असूनही ती विंडोजला दिसत नाही आणि ७बी या क्रमांकाची निळी पाटी येते. ‘डिस्क गेली’ असा निष्कर्ष याच ठिकाणी घाईने काढला जातो आणि नको असताना फॉरमॅट मारले जाते, म्हणून हे ठासून सांगणे आवश्यक आहे: ७बी आली तर दोष बहुधा विंडोजला नवा नियंत्रक न ओळखता येण्याचा असतो, मजकुराचा नव्हे. सेटिंगमध्ये साटाची पद्धत एएचसीआय या नव्या पद्धतीवरून जुन्या आयडीईवर आणल्यास विंडोज ७ व एक्सपी अनेकदा चालू होतात. विंडोज ७ एकदा चालू झाली की रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढेल अशी नोंद करून पद्धत पुन्हा बदलता येते. एक्सपीच्या बाबतीत सर्वांत सोपा उपाय डिस्क काढण्याआधीचा आहे: जुना संगणक अजून चालत असेल तर त्यावरच डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर बदलून विंडोजसोबत येणारा सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हर लावावा, संगणक बंद करावा आणि मगच डिस्क हलवावी.

विंडोज ७ नव्या यंत्रावर चालू झाल्यावर एक चमत्कारिक प्रसंग येतो. लॉगिनचा पडदा येतो, घड्याळ पुढे सरकत असते, पण माउस हलत नाही आणि कीबोर्डचा दिवाही लागत नाही. तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही आणि नव्या मदरबोर्डाचे सगळे पोर्ट त्याच प्रकारचे असतात. अशा वेळी जुना गोल पिनांचा पीएस/२ कीबोर्ड कामी येतो. तो भंगारात देण्याची घाई करू नये.

विंडोज ८ पासून हे सारे सुकर झाले. विंडोज १० किंवा ११ असलेली डिस्क बहुधा ‘उपकरणे सज्ज होत आहेत’ असे सांगत एक-दोनदा रीस्टार्ट होते आणि मार्गी लागते. डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू असेल तर मात्र ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते, कारण कुलपाची किल्ली जुन्या मदरबोर्डावरील टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये राहिलेली असते. परवान्याचा प्रश्न निराळा आहे: संगणकासोबत उत्पादकाकडूनच आलेली (ओईएम) विंडोज त्याच मदरबोर्डापुरती असते, त्यामुळे नव्या यंत्रावर ती चालली तरी ॲक्टिव्हेट होईलच असे नाही. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात आणि डिस्कचे विभाग यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने, ओळखले जातात, म्हणून तेथे त्रास अगदी कमी होतो.

या सर्वांआधी डिस्कच्या प्रकृतीचा विचार करायला हवा. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या हवेत खारटपणा असतो आणि जून ते सप्टेंबर आर्द्रता सतत चढी राहते. कपाटात काही पावसाळे काढलेल्या डिस्कच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तर काही डिस्कांत सर्किट-बोर्डाच्या खालच्या बाजूचे संपर्कबिंदू काळवंडलेले आढळतात. अशी डिस्क कपाटातून काढून लगेच वीज देणे धोक्याचे आहे. ती एक-दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी, पिना नीट पाहाव्यात, आणि पावसाळ्यात वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून यूपीएसवरच चालवावी. जोडल्यावर ठराविक तालात टकटक आवाज आला तर ती तत्काळ बंद करावी. आवाज नसेल तर बूट करण्याच्या भानगडीत न पडता आधी तिची सेक्टरगणिक संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. खराब सेक्टर असलेल्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे साधन उपयोगी आहे, कारण ते वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागी नंतर परत येते. बूट होताना विंडोज डिस्कवर सतत लिहीत असते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरले घालवणे होय.

प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क नव्या संगणकात बसवण्याची गरजच अनेकदा उरत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात ती प्रतिमा आभासी संगणकाची (नव्या संगणकाच्या आत प्रणाली म्हणून चालणाऱ्या संगणकाची) डिस्क म्हणून लावता येते, आणि तेथे नियंत्रक जुन्या इंटेल आयडीई प्रकारचा निवडता येत असल्याने एक्सपीला आपल्या काळातलेच यंत्र मिळाल्यासारखे होते. एक्सपीचे सुरक्षा-अद्यतन ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबलेले असल्याने त्या आभासी संगणकाचे नेटवर्क बंद ठेवावे. छापखान्यासाठी किंवा देवस्थानच्या कार्यालयासाठी प्रस्तुत लेखक हाच मार्ग सुचवील. त्यात एकच मोठी अडचण येते. काही अक्षरजुळणी प्रणाली डोंगलशिवाय, म्हणजे परवाना म्हणून संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणाशिवाय, चालत नाहीत; तो यूएसबीचा असेल तर आभासी संगणकाला देता येतो, पण प्रिंटरच्या समांतर पोर्टात खोचण्याचा असेल तर तसा पोर्ट असलेले जुने यंत्रच हवे. अशा यंत्रावर फाइल उघडून, तिची पीडीएफ काढून आणि फॉन्ट-परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणून तो ओळ न् ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून घ्यावा लागतो. जोडाक्षरे आणि रफार यांत परिवर्तक हमखास चुकतात.