व्हासा, जोॲना

व्हासा, जोॲना : (११ एप्रिल १७९५ – १० मार्च १८५७). गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये लढलेले कृष्णवर्णीय लेखक ओलाउडा एक्वियानो यांची धाकटी मुलगी. वडिलांचे आत्मचरित्र १७८९ मध्ये निघाले आणि त्यांच्या हयातीतच त्याच्या नऊ आवृत्त्या झाल्या. मुलीचे चरित्र मात्र चर्चच्या नोंदवह्या, एक मृत्युपत्र आणि थडग्याचा दगड यांवरून जुळवावे लागते.

तिचा जन्म केंब्रिजशायरमधील सोहॅमचा. आई सुसॅना कलन ही त्याच भागातली इंग्रज स्त्री. लग्न १७९२ मध्ये गावातल्याच चर्चमध्ये लागले. ‘व्हासा’ या आडनावाची कथा कडवट आहे. एक्वियानो लहान असताना त्यांना गुलाम म्हणून विकत घेणाऱ्या मायकल पास्कल या नौदल अधिकाऱ्याने एका स्वीडिश राजावरून त्यांचे नाव गस्टेव्हस व्हासा ठेवले. पुढे स्वतःला विकत घेऊन ते मोकळे झाले, तरी कागदोपत्री तेच नाव राहिले. मालकाने लादलेले नाव असे मुलींचे आडनाव झाले.

जोॲना दहा महिन्यांची असताना आई गेली, दोन वर्षांची व्हायच्या आत वडील (३१ मार्च १७९७), आणि त्याच जुलैत थोरली बहीण ॲना मारिया. केंब्रिजजवळच्या चेस्टरटन येथील चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर ॲना मारियाची स्मृतिशिला अजून आहे. तीवरच्या पद्यात वाटसरूला थांबवून सांगितले आहे, की इथे निजलेले लेकरू वेगळ्या वर्णाचे आहे, बहुधा तुझे नव्हे. पुरी चार वर्षांचीही नसलेल्या मुलीसाठी एवढा मजकूर कोरला गेला. मागे उरलेल्या बहिणीविषयी इतके कोणी कुठे लिहिले नाही.

वडिलांनी १७९६ च्या मृत्युपत्रात मिळकत दोन्ही मुलींना समान वाटून दिली होती. दोघीही एकविसाव्या वर्षाआधी वारल्या, तर निम्मा पैसा मुक्त कृष्णवर्णीयांची पश्चिम आफ्रिकेत वसाहत उभारणाऱ्या सिएरा लिओन कंपनीला आणि निम्मा एका मिशनरी संस्थेला जाणार होता. ती वेळ आली नाही. १८१६ मध्ये एकविशी पूर्ण होताच जोॲना यांच्या हाती ९५० पौंड आणि वडिलांचे चांदीचे घड्याळ आले. या रकमेचा उगम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक्वियानो गावोगाव फिरून, आगाऊ वर्गणीदार मिळवून आपले पुस्तक स्वतः विकत. एकेकाळी ज्याची किंमत ठरवून विक्री झाली, त्याच माणसाची ही कमाई. १८३३ च्या कायद्याने वसाहतींतली गुलामगिरी उठवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना काहीच नाही. तेव्हा जोॲना ३८ वर्षांच्या होत्या.

२९ ऑगस्ट १८२१ रोजी लंडनच्या क्लार्कनवेल भागात त्यांचे लग्न हेन्री ब्रॉम्ली या काँग्रिगेशनल या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथाच्या पाद्र्यांशी झाले आणि व्हासा हे आडनाव सुटले. पतीच्या नेमणुकांमागे संसार आधी डेव्हनमधल्या ॲपलडोरला, मग एसेक्समधल्या क्लॅव्हरिंगला गेला. त्यांना मूलबाळ झाल्याची नोंद नाही.

लंडनच्या ॲबनी पार्क या दफनभूमीत, जिथे अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांचे लोक मोठ्या संख्येने पुरले जात, तिथे त्यांचे थडगे आहे. बरीच वर्षे ते झाडझाडोऱ्यात गडप होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते पुन्हा सापडले आणि दगड नीट उभा करण्यात आला. १८७८ मध्ये वारलेले हेन्री ब्रॉम्लीही त्याच दफनभूमीत आहेत.