विशेष शिक्षक: पात्रता आधी, पद मागाहून

महाराष्ट्रात विशेष शिक्षकांची ४,८६० नियमित पदे, म्हणजे दर केंद्रामागे (जवळपासच्या शाळांच्या गटामागे) एक, निर्माण करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठीचे काम त्यापूर्वी बहुतांशी योजनांच्या पैशावर चालत आले होते. १९७४ च्या केंद्रीय एकात्म शिक्षण योजनेनंतर सर्व शिक्षा अभियान आले, २०१८ मध्ये त्याचे समग्र शिक्षा झाले. शिक्षक मात्र मानधनावर आणि कंत्राटाच्या मुदतवाढीवरच राहिले.

पात्रतेबाबत कायदा कधी ढिला नव्हता. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार, परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना विशेष शिक्षकाचे काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने तर विशेष बी.एड. (दिव्यांग मुलांना शिकवण्याची पदवी) झालेल्यास प्राथमिक वर्गांवर नेमणूक मिळाल्यावर आणखी सहा महिन्यांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. अंध मूल वर्गात असलेल्या सामान्य शिक्षकाला असे उलट बंधन नव्हते, हे येथे नोंदवायला हवे.

वेतनाचे मूळ दुखणे निधीच्या रचनेत होते. सर्व शिक्षा अभियानात दर दिव्यांग मुलामागे वर्षाला तीन हजार रुपयांपर्यंत तरतूद होती आणि त्यातले किमान एक हजार विशेष शिक्षकांच्या नेमणुकीसाठी राखलेले होते. पैसा मुलांच्या संख्येला बांधलेला असल्याने पद असे उभेच राहिले नाही. मग एकच शिक्षक अनेक शाळांत फिरे. एकीकडे ब्रेल पाटी, दुसरीकडे श्रवणयंत्राची तपासणी, शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाच्या घरी भेट, आणि मध्ये दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराची कागदपत्रे. अनुदानित विशेष शाळांचा कारभार वेगळ्या खात्याकडे असल्याने तेथील वेतनश्रेणीचा या फिरत्या शिक्षकांना उपयोग नव्हता.

बदलाला जोर आला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. रजनीश कुमार पांडे खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्राथमिकला दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले; जून २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी ते शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करण्यास आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्यांची पात्रता समितीमार्फत तपासण्यास सांगितले. महाराष्ट्राचे सूत्र केंद्रागणिक आहे, न्यायालयाचे विद्यार्थ्यांगणिक. एका केंद्रात अनेक शाळा येत असल्याने ही दोन्ही गणिते सहजी जुळणारी नाहीत.