शंभर सेकंद आणि तिमाही तक्ता

६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर जागच्या जागी थांबलं. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून शंभर सेकंद स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? शंभर सेकंद संपले आणि मागून पहिला हॉर्न वाजला.

त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेतही असंच मोजून मौन पाळलं गेलं होतं. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि त्यात फ्लॉइड गेला. ८ जूनला वॉशिंग्टनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते ८ मिनिटं ४६ सेकंद मौन पाळून गुडघ्यावर बसले; फ्लॉइडच्या मानेवर गुडघा तेवढा वेळ होता, असं तेव्हा मानलं जात होतं. कंपन्यांनी समाजमाध्यमांवर काळे चौकोन टाकले. व्हाइट हाउसजवळच्या रस्त्यावर पिवळ्या रंगात ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ अशी अक्षरं रंगवली गेली. पुढं ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपल्या क्रिकेट संघानंही गुडघा टेकला. पोलिसांच्या वागणुकीला चाप लावणारं फ्लॉइडच्या नावाचं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच. रस्त्यावरची पिवळी अक्षरं मार्च २०२५ मध्ये उखडून काढली.

गुडघा टेकणाऱ्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. प्रतीकाची ताकद कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पण प्रतीकानंतर काय व्हायला हवं, याचा एक जुना दाखला याच गावात आहे आणि आपण तो वाचण्यापेक्षा त्याला हार घालण्यातच जास्त रमतो.

अमेरिकेशी जोडणारा हा धागा त्याच्याही मागं जातो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. इथल्या जातीची आणि तिथल्या वर्णाची तुलना महाराष्ट्रात तेव्हापासून चालत आलेली आहे. मात्र ज्या अमेरिकेचं फुल्यांनी कौतुक केलं, तिथंही कायद्याचं पुस्तक आणि गावचा व्यवहार यांची फारकत व्हायला वेळ लागला नाही. १८७० च्या घटनादुरुस्तीनं कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क दिला. दक्षिणेतल्या राज्यांनी वाचनाच्या परीक्षा आणि डोईपट्टी लावून तो काढून घेतला. ९५ वर्षांनी, १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं चित्र बदललं, कारण त्यानं नोंदणीसाठी केंद्राची माणसं पाठवली आणि नियम बदलायचा तर आधी परवानगी घ्या, असं त्या राज्यांना बजावलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी ७ टक्क्यांच्याही खाली होती, ती दोन वर्षांत ६० टक्क्यांच्या आसपास गेली. हक्क जुनाच होता. तो मिळतो की नाही हे बघणारा माणूस तेवढा नव्यानं आला होता.

आता २६ जुलै १९०२ कडे या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले होते आणि इकडं करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये एक हुकूम छापून आला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांतून भरायच्या, हे त्यातलं वाक्य शाळेच्या भाषणांतूनही ऐकू येतं. त्यापुढची दोन वाक्यं सहसा कुणी म्हणत नाही. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी. आणि या हुकुमानंतर केलेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सादर करावा.

माझ्या मते सगळा जीव या तक्त्यात आहे. १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५ उरले. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणाचा, म्हणजे पुरोहितानं महाराजांसाठी वेदमंत्र म्हणायला नकार दिल्याचा, राग या हुकुमामागं होता, असं म्हणणारे तेव्हाही होते. असेलही. पण रागातून निघालेला हुकूम दहा वर्षं टिकत नाही. तो टिकायला दर तीन महिन्यांनी कुणीतरी आकडे मागावे लागतात.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे मागास, अशी त्या हुकुमाची व्याख्या होती. अस्पृश्यांसाठी त्यात वेगळा वाटा नव्हता. शाळा शिकलेल्या मराठा, जैन, लिंगायत पोरांना दार उघडलं, पण ज्यांना शाळेच्या पायरीवरच बसवलं जात होतं, ते अर्ज कुठून करणार? अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळी तो चांगलाच झोंबत असणार. १९१८ मध्ये महार वतन, म्हणजे महारांना गावच्या पिढीजात चाकरीला बांधून ठेवणारी पद्धत, रद्द झालं आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुलं सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. सतरा वर्षांत महाराजही शिकत गेले, असं मला यातून दिसतं.

त्याच वर्षाच्या जानेवारीतला दवाखान्यांबद्दलचा हुकूम तर पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रोग्यांना इतरांसारखंच वागवा. ज्याला हे पटत नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. पेन्शन मिळणार नाही.

याच्याशेजारी मुंबई इलाख्यातला प्रकार ठेवून बघा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. ठराव झाला, पण त्या तळ्याचं पाणी प्यायची कुणाची छाती होत नव्हती, कारण अडवणाऱ्याला कुणी विचारणार नव्हतं. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. त्यानंतर माणसांनी मार खाल्ला आणि कोर्टकचेरी उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ मध्ये संपली. वतनाचंही तेच. कोल्हापुरात १९१८ ला गेलेलं महार वतन मुंबई राज्यात कायद्यानं जायला १९५८ उजाडलं.

गंगाराम कांबळेंच्या चहाची गोष्ट कोल्हापुरात कुणाला ठाऊक नाही? पागेतल्या या नोकरानं पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामला भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. व्याख्यानांत गोष्ट इथंच संपते आणि टाळ्या पडतात. जुनी माणसं आणखी एक तपशील सांगायची, तो मला चहापेक्षा महत्त्वाचा वाटतो. महाराजांची सही हवी असेल, तर कागद घेऊन गंगारामच्या दुकानात यायचं, असा दंडक पडला. म्हणजे ज्याचं काम अडलंय त्याला त्या बाकड्यावर बसणं भाग. एकट्या राजानं चहा पिऊन गंगारामचं गिऱ्हाईक वाढलं नसतं.

मार्च १९२० च्या माणगाव परिषदेला महाराज गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं त्यांनी बाबासाहेबांकडं बोट दाखवून जमलेल्यांना सांगितलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत निघालेल्या बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती. बोट दाखवण्याबरोबर पैसेही आले होते, एवढंच नोंदवतो.

बिंदू चौकात फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले, तेही बाबासाहेब हयात असताना. भाई माधवराव बागलांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्या काळी अशा पुतळ्यासाठी धाडस लागत होतं, म्हणून ते प्रतीकही कृतीच होतं. आज तिथं हार घालायला धाडस लागत नाही. २६ जून, म्हणजे शाहू जयंती, हा सामाजिक न्याय दिन असतो. दसरा चौकात सकाळपासून गर्दी असते, सगळ्या पक्षांचे लोक येतात, दुपारपर्यंत फुलांचा ढीग पडतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय होता, फार आधी व्हायला हवा होता. आमच्या पाहुण्यांच्या गावातही वस्तीला नवं नाव लागलं, निळ्या पाटीवर पांढरी ठसठशीत अक्षरं. मागच्या दिवाळीत गॅसची टाकी घेऊन आलेला टेम्पोवाला ती पाटी वाचून पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारत होता, ‘हे नेमकं कुठं आलं हो?’ त्यांनी जुनं नाव घेऊन हातानं दिशा दाखवली. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं.